साइटवर पाऊल टाकण्याआधीची तयारी

बांधकाम व्यवस्थापन शिकायचं मनात असेल, तर प्रवेशअर्ज भरण्याआधी चालू असलेल्या एखाद्या साइटवर परवानगी काढून आठवडाभर जा. दिवसाचं काम सुरू होताना जा. शटरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचं, काम रेंगाळलं की सळई बांधणारे खोळंबतात, ते खोळंबले की वायरिंगच्या नळ्या टाकणारे परत जातात आणि ठरलेला काँक्रीटचा दिवस हातचा जातो. ही साखळी पाहताना कंटाळा येण्याऐवजी ‘हे आधी कुणाला दिसायला हवं होतं?’ असा प्रश्न पडला, तर हा अभ्यासक्रम तुमच्यासाठी आहे.

कॉलेज निवडताना अभ्यासक्रमात परिमाण मोजणी, करार, नियोजन, खर्चनियंत्रण आणि सुरक्षितता हे विषय आहेत ना, ते बघा. साइटवरची इंटर्नशिप मात्र असायलाच हवी. ती नसेल, तर बाकी सगळं चांगलं असूनही मी दुसरं कॉलेज शोधायला सांगेन.

पहिलं सत्र सुरू होण्याआधी ड्रॉइंग वाचायला शिका. वास्तुरचनेचं, स्ट्रक्चरचं आणि प्लंबिंगचं ड्रॉइंग शेजारी ठेवायचं आणि एकच बीम तिन्हींत शोधायचा. कोपऱ्यातला रिव्हिजन क्रमांक वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय लावून घ्या. माझ्या पहिल्या साइटवर जुन्या रिव्हिजनवरून स्लॅब भरला गेला. पाइपांसाठीची भोकं ठेवायची राहून गेली आणि तयार स्लॅब कोअर कटिंगने कापावा लागला. ड्रॉइंग माझ्याच हातात होतं. नवी प्रत ऑफिसात तीन दिवस पडून होती.

हिशोब आधी हाताने जमला पाहिजे. 10 मीटर बाय 6 मीटरचा, 150 मिलिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे 9 घनमीटर काँक्रीट, हे तोंडी यायला हवं. सळईच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून 162 ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मिलिमीटरच्या सळईचं साधारण 0.89 किलो. सॉफ्टवेअर हे सगळं करतं. पण दशांशचिन्ह चुकून स्टील दहापट दाखवलं गेलं, तर ते खटकायला आकड्यांचा अंदाज अंगात मुरलेला लागतो.

नियोजनाचंही तसंच. एकमेकांवर अवलंबून कामांच्या सर्वांत लांब साखळीवरून मुदत काढणारी क्रिटिकल पाथ पद्धत 1950 च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली, आणि आजची नियोजनाची सॉफ्टवेअर मुळात तिच्यावरच चालतात. एका खोलीच्या बांधकामाची पंधरा कामं लिहा, कुठलं काम कशावर अवलंबून आहे ते बाणांनी दाखवा, सुरुवातीपासून पुढे जात आणि मग शेवटापासून मागे येत तारखा काढा. ज्या कामांना जराही सवड उरत नाही, ती तुमची खरी मुदत ठरवतात. हे दोन-तीनदा कागदावर केल्यावरच प्रिमावेरा किंवा एमएस प्रोजेक्ट उघडा.

साहित्याच्या चाचण्या पुस्तकात वाचून भागत नाही. ओल्या काँक्रीटचा घट्टपणा मोजणाऱ्या स्लंप चाचणीचा 300 मिलिमीटर उंच शंकू स्वतः भरून उचला. काँक्रीटचे 150 मिलिमीटरचे क्यूब 7 आणि 28 दिवसांनी दाबून फुटताना बघा. काम सोपं व्हावं म्हणून ओतलेल्या जास्तीच्या पाण्याने ताकद किती घटते, हे मशीनच्या आकड्यावर पाहिलं की विसरत नाही.

आता करार आणि लेखी नोंदी. विद्यार्थी याच भागाकडे सर्वांत कमी लक्ष देतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रेड बुक या नमुना करारानुसार वाढीव मुदतीचा किंवा पैशांचा दावा करायचा, तर कारण कळल्यापासून 28 दिवसांत लेखी सूचना द्यावी लागते. ती राहिली, तर हक्काचा दावाही बुडू शकतो. त्यामुळे कराराची सर्वसाधारण कलमं एकदा सलग वाचा आणि मुदतीचा प्रत्येक आकडा वहीत उतरवा. बदल कुणी सुचवला, कुणी तपासला, कुणी मंजूर केला, याची नोंद तर त्याहून मोलाची. 1981 मध्ये कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलमधले टांगते पादचारी मार्ग कोसळून 114 माणसं गेली. मुळात दोन्ही मार्ग एकाच सलग सळईला टांगायचे होते. बदलात त्याच्या दोन सळया झाल्या आणि वरच्या मार्गाच्या जोडावर दुप्पट भार आला. बदललेला जोड कुणी नव्याने गणित करून तपासला नव्हता, तरी तो मंजूर झाला. हे प्रकरण मुळातून वाचा आणि मगच शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे भाग बनवणाऱ्याने काढलेल्या तपशीलवार ड्रॉइंगवर, सही करायला शिका. रोजची डायरीही आत्तापासूनच ठेवा: हवामान, हजर मजूर, आलेला माल, थांबलेलं काम आणि थांबण्याचं कारण.

सुरक्षिततेबद्दल एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते. आधार न दिलेल्या खोल चरात माणूस उतरत असेल, तर काम थांबवायचा आवाज तुमच्यात हवा, समोर तुमच्या दुप्पट वयाचा मुकादम असला तरी.

पदवीनंतरची पहिली दोन वर्षं साइटवरच काढा, असं माझं मत आहे. बिलिंग, नियोजन, करार की बीआयएम (इमारतीचं संगणकीय मॉडेल), हे त्यानंतर ठरवता येतं. पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राची घाई नको. चार वर्षांची पदवी असली तरी त्यासाठी प्रकल्प सांभाळण्याचा 36 महिन्यांचा अनुभव लागतो. तो अनुभव महिनावार लिहून ठेवायला मात्र पहिल्या नोकरीपासूनच सुरुवात करा.

आणि मुलाखतीला जाताना हाताने काढलेलं ते पंधरा कामांचं जाळं, स्वतः केलेली एक मोजणी आणि डायरीची चार पानं फाइलमध्ये घ्या.