कोंड्याच्या तेलात काम करायचंय? मग आधी राईस मिल बघा

तेलतंत्रज्ञान किंवा अन्नतंत्रज्ञान शिकणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात ती बहुतेक एकच प्रश्न घेऊन: ‘मॅडम, ग्रीन एक्स्ट्रॅक्शनमध्ये प्रोजेक्ट करायचाय. सुपरक्रिटिकल घेऊ की अल्ट्रासाउंड?’ म्हणजे तांदळाच्या कोंड्यातून तेल काढायची पर्यावरणस्नेही पद्धत कुठली निवडू. मी उलट विचारते, कोंडा कुठून आणणार? कोणत्या मिलचा? भरडाईनंतर किती तासांनी हातात पडणार? यावर बहुतेक जण गप्प होतात. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मला जे सांगायचंय, ते इथूनच सुरू होतं.

धान मिलमध्ये आलं की आधी तूस निघतं. मग ब्राऊन राईस पॉलिशरमध्ये जातो आणि त्याचा वरचा तपकिरी थर खरवडला जातो. तो कोंडा, धानाच्या वजनाच्या साधारण ५ ते ८ टक्के. त्यात १५ ते २० टक्के तेल असतं, उकड्या तांदळाच्या कोंड्यात थोडं जास्तच. जुन्या हलरमधून मात्र तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतो आणि तेलाचं प्रमाण पार घसरतं. म्हणून नमुना घेताना मिलमध्ये कुठलं यंत्र आहे, धान कच्चं की उकडं, हे वहीत पहिल्या ओळीत लिहा. चाळून कणी आणि तुसाचे तुकडे काढा. हे केलं नाही, तर पुढे दोन पद्धतींची तुलना करताना आपण खरं तर दोन वेगळ्या कोंड्यांची तुलना करत बसतो.

आता खरी अडचण. दाण्यात तेल आणि लायपेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या थरांत असतात, एकमेकांपासून दूर. पॉलिशरमध्ये ते थर फुटतात, दोघांची गाठ पडते आणि लायपेज लगेच तेल तोडायला लागतं. मुक्त मेदाम्लं वाढतात. प्लांटमध्ये सगळे याला ‘एफएफए’ म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. उन्हाळ्यात, दमट हवेत, कच्च्या कोंड्याचा एफएफए दिवसाला काही टक्क्यांनी चढतो. १० टक्क्यांच्या पुढे गेलेल्या तेलापासून खाद्यतेल बनवणं परवडेनासं होतं आणि ते साबणाकडे वळतं. उपाय ठाऊक आहे: कोंडा निघाल्याबरोबर त्याला उष्णता द्यायची. एक्स्ट्रूडरमधून १२५ ते १३० अंशांवर काही सेकंद जरी काढला, तरी लायपेज निकामी होतं. वाफ किंवा मायक्रोवेव्हही चालतो. उकड्या धानात हे काम उकडतानाच बरंचसं होऊन जातं.

माझं ठाम मत आहे की कोंड्याच्या तेलातलं सगळ्यात पर्यावरणस्नेही तंत्र म्हणजे मिलच्या दारातलं हे स्थिरीकरण. कारण पुढची सगळी साखळी त्यावर उभी आहे. एफएफए जास्त असेल तर रिफायनरीत कॉस्टिकने, म्हणजे दाहक सोड्याने, तो मारावा लागतो. त्यात साबणाचा गाळ निघतो, सांडपाणी वाढतं, चांगलं तेलही गाळाबरोबर जातं. आणि ज्याच्यासाठी लोक हे तेल विकत घेतात, ते गॅमा ओरायझॅनॉल हे कोंड्यातलं नैसर्गिक अँटिऑक्सिडंट त्या गाळात बहुतांश निघून जातं. कच्च्या तेलात ते साधारण १ ते २ टक्के असतं. एफएफए कमी असेल तर फिजिकल रिफायनिंग करता येतं, म्हणजे निर्वात दाबाखाली वाफेने मेदाम्लं उडवायची. मग ओरायझॅनॉल बरंचसं तेलातच टिकतं. त्यासाठी तेलातला गोंद, म्हणजे फॉस्फोलिपिडसारखे चिकट घटक, आधी नीट काढावा लागतो, आणि हैदराबादच्या आयआयसीटी या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने विकरांनी गोंद काढायची जी पद्धत विकसित केली, तिचं महत्त्व इथे आहे. पाणी आणि रसायन दोन्ही वाचतं.

मग कारखान्यांत तेल विरघळवून काढायला सर्रास वापरतात त्या हेक्झेन या द्रावकाचं काय? त्याला उगाच शिव्या देऊ नका. कोंडा भुकटीसारखा बारीक आणि तेल तसं कमी, त्यामुळे घाण्यात तो नीट पिळला जात नाही. हेक्झेन जवळजवळ सगळं तेल ओढून घेतं, ६९ अंशांच्या आसपास उकळतं, थोड्या ऊर्जेत परत मिळतं. पण ते पेट्रोलियममधून येतं, त्याची वाफ सहज पेट घेते आणि दीर्घकाळ श्वासातून गेलं तर हातापायांच्या नसांना इजा करतं. तेलात त्याचा अंश ५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत पाच भाग) वर चालत नाही. प्लांटमध्ये प्रशिक्षणाला गेलात तर सुरक्षेचं पहिलं भाषण कंटाळा न करता ऐका. मोबाइल बाहेर का ठेवायचा, हे तिथे समजतं.

पर्यायांपैकी माझं सगळ्यात जास्त काम इथेनॉलवर झालं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. इथेनॉल उसापासून, धान्यापासून मिळतं, विषारीपणाची भीती कमी. नवीन विद्यार्थी प्रयोग करतो आणि आनंदाने सांगतो की उतारा हेक्झेनपेक्षा जास्त आला! थांबा. इथेनॉल तेलाबरोबर शर्करा, फॉस्फोलिपिड, रंगद्रव्यंही ओढतं. निघालेल्या अर्कातलं तेल किती, हे वेगळं काढून मोजल्याशिवाय आकडा लिहू नका. दुसरं म्हणजे उकळून इथेनॉल परत मिळवायला किलोमागे हेक्झेनच्या सुमारे अडीच पट उष्णता लागते. कोंड्यातलं पाणी त्यात मिसळत जातं आणि साध्या ऊर्ध्वपातनाने ९५-९६ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही. पण त्याचा एक गुण फार कामाचा आहे. गरम इथेनॉलमध्ये तेल विरघळतं, थंड केलं की वेगळं होतं. म्हणजे सगळं द्रावक उकळवायची गरजच उरत नाही. प्रोजेक्ट निवडायचा असेल तर मी या बाजूला जा म्हणेन.

सुपरक्रिटिकल, म्हणजे ठराविक तापमान आणि दाबाच्या वर नेलेला कार्बन डायऑक्साइड आकर्षक आहे, यात शंका नाही. ३१ अंश आणि ७४ बारच्या वर तो वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. कोंड्यासाठी प्रत्यक्षात ३०० बारच्या पुढे काम चालतं. तेलात द्रावकाचा मागमूस राहत नाही, फॉस्फोलिपिड त्यात विरघळत नसल्याने गोंदही कमी येतो. भांडवल मात्र प्रचंड लागतं आणि काम सलग नाही, तर भांडं भरून, रिकामं करून, पुन्हा भरून चालतं. रोज शेकडो टन कोंडा घेणाऱ्या प्लांटला हे जमत नाही. गव्हाच्या अंकुराचं तेल, ओरायझॅनॉलयुक्त पूरक आहार अशा महाग मालाला जमतं.

विकरं आणि पाणी वापरून तेल काढता येतं, प्रथिनंही चांगली मिळतात, पण तेल-पाण्याचं दुधासारखं मिश्रण फोडताना घाम निघतो. अल्ट्रासाउंड वेळ वाचवतं, पण आत हेक्झेनच असेल तर त्याला हरित म्हणताना जपून. २-मिथाइलऑक्सोलेन या द्रावकावर लक्ष ठेवा. ते मक्याच्या कणसांच्या बुरकुंडांपासून आणि उसाच्या चिपाडापासून मिळणाऱ्या फरफ्युरलपासून बनतं आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याला अन्नासाठी मान्यता दिली. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात यावर काम व्हायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

शिक्षणाबद्दल. नागपूरची एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) आणि मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), दोन्हीकडे तेलतंत्रज्ञानाची जुनी परंपरा आहे. एलआयटी १९४२ ची, आयसीटी १९३३ ची. म्हैसूरची सीएफटीआरआय आणि तंजावरची निफ्टेम या अन्नतंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्था धान्यप्रक्रियेसाठी बघा. एम.टेक.साठी बहुतेक ठिकाणी गेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. पण कुठेही असलात तरी टायट्रेशनने एफएफए काढणं आणि सॉक्सलेटने (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून तेल काढायच्या काचेच्या उपकरणाने) तेल मोजणं इतकं हातात बसू द्या की एकाच नमुन्याच्या दोन मोजण्यांच्या आकड्यात फरक राहू नये. सॉक्सलेटचं उपकरण १८७९ पासून आहे आणि आजही तुलनेची पट्टी तेच आहे. ओरायझॅनॉल साध्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३१५ नॅनोमीटरच्या आसपास मोजता येतं, त्यासाठी एचपीएलसी या महागड्या उपकरणाची वाट बघत बसू नका. आणि प्रबंधात एक रकाना असा ठेवा, जो बहुतेकांच्या प्रबंधात नसतो: एक किलो तेलामागे किती युनिट वीज, किती लिटर द्रावक वाया. वीज मोजायचा मीटर काहीशे रुपयांत मिळतो. मुलाखतीत माझ्यासमोर बसलेला उमेदवार हे आकडे सांगू शकला, तर त्याची पदवी कुठली हे मी नंतर बघते.

नोकरीची सुरुवात बहुधा प्लांटच्या लॅबमध्ये किंवा शिफ्टमध्ये होते. रात्रपाळी असते, वास असतो, पगार सुरुवातीला बेताचाच. तरी वर्षभर करा. उरलेली पेंड कुठे जाते, पशुखाद्यवाले तिचा भाव कसा पाडतात, पावसाळ्यात कोंडा का नाकारला जातो, हे तिथेच शिकायला मिळतं.

नमुने गोळा करायला दिवाळीनंतर गोंदिया, भंडाऱ्याकडे जा. नवं धान आलेलं असतं, भरडाई जोरात असते. मिलवाल्यांना आधी फोन करा, बर्फाची पेटी सोबत न्या, आणि पहिला एफएफए शक्य असेल तर तिथेच, मिलच्या ऑफिसातल्या टेबलावर काढा. निकाल मालकालाही दाखवा. त्याच्या कोंड्याचा भाव त्याच आकड्यावर ठरतो, त्यामुळे पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी ताजा कोंडा स्वतः बाजूला काढून ठेवेल.