जुने गेम आणि संगणकावरचे पत्ते लाइव्ह कसे दाखवावेत

आजचा एखादा नवा गेम लाइव्ह दाखवायला फारसे कष्ट पडत नाहीत, कारण तो बनवणाऱ्यांनीच खेळणाऱ्याबरोबर बघणाऱ्याचाही विचार केलेला असतो. जुन्या गेमचे तसे नाही. तो काचेच्या जाड, जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी बनलेला असतो, आणि आजच्या लांबट पडद्यावर त्याला नुसते ताणून बसवले की त्याचे रूप बिघडते. पत्त्यांच्या डावाची अडचण निराळी आहे. तिथे चित्र कधीच बिघडत नाही, पण खरा खेळ खेळणाऱ्याच्या डोक्यात चालतो आणि बघणाऱ्याला दिसतो तो फक्त हलणारा एक पत्ता. त्यामुळे जुन्या गेमच्या प्रक्षेपणात मेहनत चित्रावर घ्यावी लागते आणि पत्त्यांच्या प्रक्षेपणात ती बोलण्यावर. पुढच्या विवेचनासाठी मी दोन उदाहरणे घेतली आहेत: १९८९ साली प्रथम ॲपल टू संगणकावर आणि नंतर डॉस या विंडोजपूर्वीच्या संगणक प्रणालीवर आलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, आणि विंडोज ९५ बरोबर घरोघरी पोहोचलेला, एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव ‘फ्रीसेल’.

साहित्य फार लागत नाही. साधारण बरा संगणक, तोंडाजवळ ठेवता येईल असा माइक आणि ओबीएस स्टुडिओ हे चित्र-आवाज एकत्र करून प्रक्षेपित करणारे विनामूल्य सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते. इंटरनेटचा मात्र आधी हिशेब करावा. ७२० ओळींचे चित्र सेकंदाला ६० फ्रेमने पाठवायचे तर ४,५०० किलोबिट प्रतिसेकंद हा बिटरेट (दर सेकंदाला पाठवायच्या डेटाचे प्रमाण) पुरेसा होतो, म्हणजे तासाला सुमारे दोन जीबी डेटा बाहेर जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. अपलोडचा वेग बिटरेटच्या किमान दीडपट असावा, आणि तो ज्या वेळी स्ट्रीम करायचे आहे त्याच वेळी मोजावा, कारण दुपारी तीनला मिळणारा वेग रात्री नऊला मिळेलच असे नाही. ज्यांच्याकडे वीज जाते-येते त्यांनी राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा. लॅपटॉप बॅटरीवर सुरू आणि राउटर बंद, ही स्थिती फार केविलवाणी असते.

यूट्यूबवर लाइव्हची सुविधा पहिल्यांदा सुरू करताना फोन क्रमांकाची पडताळणी होते आणि त्यानंतर ती चालू व्हायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून शनिवारी रात्रीचा बेत असेल तर गुरुवारीच हे काम उरकावे. तिथून मिळणारी ‘स्ट्रीम की’ ओबीएसमध्ये भरायची असते. ही की पासवर्डसारखीच जपावी. सेटिंगची खिडकी लाइव्ह चालू असताना कधीही उघडू नये. चुकून ती कोणाला दिसलीच, तर लगेच बदलून घ्यावी.

आता चित्राकडे वळू. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ डॉसवर ३२० बाय २०० ठिपक्यांत चालतो. आजच्या पडद्याचे ठिपके चौरस असतात. त्या काळच्या पडद्यावर हेच चित्र ४:३ या प्रमाणात भरत असे, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच दिसे. हा फरक दुरुस्त केला नाही तर राजपुत्र बुटका आणि आडवा दिसतो. ज्या गेममध्ये लेखकाने आपल्या धाकट्या भावाच्या धावण्याचे आणि उड्या मारण्याचे चित्रण करून त्यावरून एकेक हालचाल रेखाटली, त्यात देहाचे प्रमाण बिघडवणे मला तरी बरे वाटत नाही. डॉसबॉक्स हा एम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, वापरत असाल तर त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘ॲस्पेक्ट’ नावाची ओळ असते आणि ती मुळात बंद असते. ती चालू करावी.

ओबीएसमध्ये १९२० बाय १०८० चा कॅनव्हास घेतला तर ४:३ चे चित्र १४४० बाय १०८० जागा व्यापते आणि बाजूला ४८० ठिपक्यांची उभी पट्टी उरते. ही पट्टी भरण्यासाठी चित्र ताणू नये. तिथे स्वतःचा कॅमेरा, चॅट आणि ‘कितवा मजला, कितवा मृत्यू’ अशी साधी नोंद ठेवली की सगळा पडदा कारणी लागतो आणि गेमवर काहीच झाकले जात नाही. चित्र मोठे करताना ओबीएसमध्ये स्केल फिल्टर निवडता येतो. त्यातला ‘पॉइंट’ हा प्रकार ठिपक्यांच्या कडा धारदार ठेवतो, तर इतर प्रकार त्या पुसट करतात. जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेघा आणणारे फिल्टर घरच्या पडद्यावर देखणे वाटतात, परंतु त्या बारीक रेघा बिटरेट खातात आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर त्यांचे नागमोडी पट्टे होतात. मी ते वापरणे सोडून दिले आहे. ओबीएसमध्ये गेमचे चित्र घेण्याच्या ‘गेम कॅप्चर’ या पर्यायात काळा पडदा दिसत असेल तर ‘विंडो कॅप्चर’ घ्यावे, बहुतेक वेळा तेवढ्याने प्रश्न सुटतो.

फ्रेमच्या बाबतीत सगळ्या जुन्या गेमना एकच माप लावता येत नाही. राजपुत्राच्या हालचाली सेकंदाला बाराच्या आसपास चित्रांत घडतात, त्यामुळे तिथे ३० फ्रेम भरपूर होतात. याउलट टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेममध्ये चित्र सेकंदाला ६० वेळा (‘पाल’ या टीव्ही प्रक्षेपण पद्धतीच्या यंत्रात ५० वेळा) बदलते, आणि मार खाल्लेला खेळाडू लुकलुकताना दाखवायचा तर तो एका फ्रेममध्ये दिसतो आणि पुढच्या फ्रेममध्ये नाहीसा होतो. हे ३० फ्रेमने पाठवले की दर दुसरी फ्रेम गळते, आणि लुकलुकणारा खेळाडू एकतर सतत दिसत राहतो किंवा पार अदृश्य होतो. म्हणून असे गेम ६० फ्रेमनेच दाखवावेत.

प्रत्यक्ष जुने यंत्र माळ्यावरून काढून जोडायचे असेल, तर पिवळी-पांढरी-लाल वायर घेणारे कॅप्चर उपकरण लागते. स्वस्त उपकरणे या यंत्रांचे चित्र साध्या टीव्ही कार्यक्रमासारखे समजून दोन अर्ध्या चित्रांची सांधेजोड करतात, आणि त्यामुळे हलत्या वस्तूंना कंगव्यासारख्या कडा येतात. शिवाय संगणकावर दिसणारे चित्र क्षणभर मागे असते. ते बघून उडी मारायला गेल्यास खड्ड्यात पडणे ठरलेलेच. वायर दुभागून एक टोक टीव्हीला जोडावे आणि खेळताना टीव्हीकडेच पाहावे.

आवाजाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि प्रेक्षक सर्वांत आधी कंटाळतो तो त्यालाच. जुन्या संगणकाचा पीं-पीं आवाज बोलण्यावर कुरघोडी करतो, त्यामुळे गेमचा आवाज आपल्या बोलण्यापेक्षा स्पष्टपणे खाली ठेवावा. माइकसाठी पंख्याची घरघर कमी करणारा फिल्टर लावावा. रेकॉर्डिंगमध्ये माइक आणि गेम यांचे ट्रॅक वेगळे ठेवावेत आणि फाइल एमकेव्ही प्रकारात घ्यावी, कारण संगणक मधेच बंद पडला तरी तोपर्यंतचे चित्रण वाचते. माझ्या पहिल्या प्रक्षेपणात चाळीस मिनिटे गेमचा आवाज कोणालाच ऐकू गेला नाही. प्रेक्षक तीनच होते, आणि तिघांनाही वाटले की जुना गेम मुकाच असणार. तेव्हापासून मी आधी पाच मिनिटांचे खाजगी प्रक्षेपण करतो आणि ते मोबाइलवर, इअरफोन लावून, स्वतः ऐकतो.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पहिल्या प्रक्षेपणासाठी सुचवण्याचे कारण म्हणजे त्याची ६० मिनिटांची मर्यादा. बारा मजले एका तासात पार करायचे असतात, त्यामुळे कार्यक्रमाला आपोआप आकार येतो. सुरू करण्यापूर्वी प्रेक्षकांना एक गोष्ट स्वच्छ सांगावी: आपण हा गेम पहिल्यांदा खेळत आहोत की आधी खेळलेला आहे. पहिल्यांदा खेळत असाल तर उत्तर न सांगण्याची विनंती करावी आणि ती चॅटच्या वर कायम दिसेल अशी ठेवावी, नाहीतर आपल्याच सावलीशी लढताना तलवार म्यान करायची असते, ही या गेममधली सर्वांत सुंदर गोष्ट कोणीतरी अकराव्या मजल्यावरच लिहून मोकळा होईल. (मी ती इथे सांगून टाकली, त्याबद्दल क्षमस्व.) आधी खेळलेला असेल तर उलट वागावे: तिसऱ्या मजल्यावरचा सांगाडा तलवारीने मरत नाही, त्याला रेटत नेऊन खाली पाडावे लागते, हे करून दाखवण्याआधी प्रेक्षकांना विचारावे. डॉसच्या प्रतीत पहिल्या मजल्यानंतर छापील पुस्तिकेतले अक्षर ओळखून त्या अक्षराची कुपी प्यावी लागते आणि चुकीची प्यायली तर राजपुत्राची ताकद घटते. पुस्तिकेचे ते पान आधीच हाताशी ठेवावे. एकाच जागी पुन्हा पुन्हा मरत असाल तर गप्प बसू नये. ‘आता उडी एक पाऊल उशिरा घेतो’ असे प्रत्येक वेळी काय बदलणार ते सांगितले, की दहावा प्रयत्नही बघवतो.

पत्त्यांकडे येताना आधी भाषेचा विचार करावा. आपल्याकडे यासाठी तयार आणि रसाळ शब्दसंपत्ती आहे: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती आणि खाली दुर्रीपर्यंत. मे महिन्याच्या सुट्टीत बदाम सात आणि मेंढीकोट खेळून मोठा झालेला प्रेक्षक ‘किलवर नव्वी अडकली आहे’ हे वाक्य ऐकताच डावात शिरतो. इंग्रजी नावे वाचून दाखवली तर तो नुसता पडदा बघत बसतो.

फ्रीसेल निवडण्याचे कारण म्हणजे त्यात काहीच झाकलेले नसते. बावन्न पत्ते आठ रांगांत उघडे मांडलेले, चार रिकामी घरे, आणि पिसण्यापुरतेच नशीब. विंडोजच्या मूळ आवृत्तीत १ ते ३२,००० असे क्रमांक दिलेले डाव होते आणि त्यांपैकी ११,९८२ क्रमांकाचा एकच डाव सुटत नाही. प्रक्षेपणाच्या दृष्टीने हे क्रमांक म्हणजे वरदान आहे. आदल्या दिवशी क्रमांक जाहीर करावा, म्हणजे प्रेक्षक तोच डाव घरी लावून बघतात आणि दुसऱ्या दिवशी चॅटमध्ये तावातावाने भांडायला येतात. मूळ क्रमांकांशी जुळणारे डाव काही मुक्त प्रोग्रॅममध्येही मिळतात. जाहीर करण्यापूर्वी आपला आणि प्रेक्षकांचा डाव खरोखर सारखाच लागतो ना, हे एका मित्राकडून तपासून घ्यावे.

खेळताना पत्त्याला हात लावण्याआधी निदान दोन चाली बोलून दाखवाव्यात आणि त्यांतली एक का नाकारली ते सांगावे. उदाहरणार्थ: ‘चौकट सत्ती इस्पिक अठ्ठीवर जाते, पण मग खालचा बदाम एक्का मोकळा करायला दोन घरे अडकतील, त्यापेक्षा आधी तिसरी रांग रिकामी करतो.’ रिकाम्या रांगेचे मोलही एकदा आकड्यांत सांगावे. दोन घरे रिकामी असतील तर एका वेळी तीन पत्त्यांची माळ हलते, आणि जोडीला एखादी रांग रिकामी असेल तर तीच संख्या दुप्पट होऊन सहा होते. एवढे कळले की आपण रांग रिकामी करण्यासाठी का जीव टाकतो, हे प्रेक्षकाला पुन्हा समजावावे लागत नाही. विचार करताना माउस पत्त्यांवरून फिरवत राहू नये; ज्या पत्त्याविषयी बोलत आहात त्यावरच तो थांबवावा. पत्त्यांवर मजकूर असणाऱ्या गेममध्ये, जसे की २०१४ साली आलेला ‘हार्थस्टोन’, नवा पत्ता आला की त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा, कारण मोबाइलवर ती अक्षरे वाचता येत नाहीत.

‘हार्थस्टोन’सारख्या गेममध्ये समोर खरा माणूस असतो आणि तोही तुमचे प्रक्षेपण उघडून तुमचे पत्ते पाहू शकतो. यावर उपाय म्हणजे विलंब. यूट्यूबच्या नियंत्रण कक्षात ३० किंवा ६० सेकंदांचा विलंब लावता येतो, आणि ओबीएसच्या प्रगत सेटिंगमध्येही ‘स्ट्रीम डिले’ आहे. विलंबाची किंमत अशी की प्रेक्षकाचा सल्ला खेळी होऊन गेल्यावर पोहोचतो. त्यामुळे प्रेक्षकांच्या मतावर चाल ठरवायची असेल तर फ्रीसेलसारखा एकट्याचा डाव घ्यावा आणि विलंब काढून टाकावा. या दोन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत.

पैसे लावून खेळायची रमी किंवा तीन पत्ती मात्र दाखवू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली आहे. अशा ॲपचे प्रायोजकत्व स्वीकारणेही अंगाशी येऊ शकते.

हक्कांच्या बाबतीत दोन गोष्टी पाळाव्यात. गेम बाजारात मिळत नाही म्हणजे त्याचे हक्क संपले असे नव्हे. एम्युलेटर वापरण्यात गैर काही नाही, पण कुठल्याही फुकट संकेतस्थळावरून उतरवलेली गेमची फाइल ही वेगळी बाब आहे. आपली जुनी फ्लॉपी, सीडी किंवा कॅसेट असेल तर ती वापरावी, नाहीतर २००८ पासून जुने गेम विकणाऱ्या जीओजीसारख्या दुकानात शोधावे. निन्टेन्डोने २०१८ साली जाहीर केलेल्या नियमांनुसार आपल्या भाष्याशिवाय नुसता खेळ चढवणे मान्य नाही. म्हणजे बोलणे तिथे नियमानेच आले. दुसरी गोष्ट संगीताची. ‘रोड रॅश’च्या संगणकावरील आवृत्तीत साउंडगार्डनसारख्या खऱ्या बँडची गाणी आहेत आणि २००२ च्या ‘व्हाइस सिटी’तल्या मोटारींच्या रेडिओवर १९८० च्या दशकातली गाजलेली गाणी वाजतात. ती वाजली की हक्कभंगाचा दावा येण्याची शक्यता असते. सेटिंगमध्ये संगीत बंद करून इंजिनाचा आवाज तेवढा ठेवावा.

प्रक्षेपण संपल्यावर बारा तासांच्या आतले चित्रण यूट्यूब आपोआप जपून ठेवते. त्याच्या वर्णनात वेळेच्या खुणा घालाव्यात. पहिली खूण ०:०० ची हवी, एकूण किमान तीन हव्यात, आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा असावा, तरच त्यांचे प्रकरणांत रूपांतर होते. खुणांना ‘भाग १’, ‘भाग २’ अशी नावे देऊ नयेत. ‘सांगाडा खाली पाडला’ किंवा ‘किलवर नव्वी सुटली’ अशी द्यावीत, कारण नंतर येणारा प्रेक्षक तेवढेच शोधत येतो.