बायकोला गिटार शिकवताना हात वाटून घ्या

नवख्याचे दोन्ही हात एकदम चालत नाहीत, आणि घरचाच मास्तर असला की चिडचिड लवकर होते.

१. गिटार तिच्या मांडीवर. तुम्ही तिच्या उजवीकडे बसा.
२. ई मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर): मधली दोन बोटं दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेच्या टोकाकडून पट्ट्यांमधल्या दुसऱ्या घरात, पाचव्या आणि चौथ्या तारेवर (सगळ्यात बारीक तार पहिली). तिनं फक्त दाबायचं, तारा तुम्ही छेडायच्या. बोट फ्रेटच्या पट्टीलगत हवं. मागं राहिलं की तार खरखरते.
३. तीच बोटं एक तार खाली. दुसरा कॉर्ड तयार! इथं सहावी तार छेडू नका.
४. जमलं की अदलाबदल: तुम्ही दाबा, तिनं छेडायचं.

परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात गिटार पत्र्याखाली किंवा कूलरच्या झोतात ठेवू नका. लाकूड वाकतं, तारा उचलतात आणि नवी बोटं हकनाक सोलतात.