नक्षीदार वायरलेस माउस घेतलाय? मग या चुका टाळा

चित्रकारांच्या नक्षीचे माउस दिसायला देखणे असतात, पण आतला ऐवज बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या साध्या मॉडेलचा असतो. तोच सेन्सर, तीच बटणं, तोच रिसीव्हर (कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टात खोचायचा छोटा तुकडा). म्हणून 'डिझाइनवाला आहे ना, म्हणूनच अडकतो' या तक्रारीत दम नाही.

रिसीव्हर दिसेल त्या पोर्टात खोचणे. सगळ्यात जास्त डोकं पिकवणारी चूक ही. माउस आणि रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. यूएसबी ३.० वर डेटा धावत असला की पोर्ट आणि केबलमधून त्याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलंय. नेहमीचं नाटक असं: शेजारच्या पोर्टातल्या हार्ड डिस्कवर बॅकअप सुरू होतो आणि कर्सर उड्या मारायला लागतो. मग सेल बदला, ड्रायव्हर (माउस चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाका, कुणी तर विंडोजच नव्याने टाकायला बसतं. तेवढ्यात बॅकअप संपतो, माउस सुरळीत चालतो आणि श्रेय ड्रायव्हर लाटतो. पुढच्या बॅकअपला पुन्हा तेच. रोग रेड्याला, औषध पखालीला!

डिस्क काढून दोन मिनिटं माउस फिरवून बघा. सुधारला, तर चोर सापडला. रिसीव्हर यूएसबी २.० च्या पोर्टात लावा. कॅबिनेट टेबलाखाली असेल तर मीटरभर लांबीची साधी यूएसबी २.० एक्स्टेंशन केबल घ्या आणि रिसीव्हर टेबलावर, माउसपासून वीस-तीस सेंटिमीटरवर आणून ठेवा. मधला पत्र्याचा अडसरही जातो. लॅपटॉपला सगळेच पोर्ट ३.० चे असतील तर डिस्क एका बाजूला, रिसीव्हर दुसऱ्या बाजूला. 'केबलच लावायची तर वायरलेस कशाला घेतला?' असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगणं, की केबल रिसीव्हरला आहे, माउसला नाही.

नक्षीवर सॅनिटायझर आणि नेलपॉलिश रिमूव्हर. पेनाचा डाग पडला की हात हमखास रिमूव्हरकडे जातो. त्यात अ‍ॅसिटोन असेल तर माउसचं एबीएस प्लास्टिकच विरघळतं. डाग जातो, सोबत चित्रही जातं आणि जागा पांढुरकी, खरबरीत होते. हे परत येत नाही. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल नक्षीवरचा पारदर्शक थर हळूहळू खातं आणि जेलचा चिकटपणा मागे राहतो. नक्षीच्या कडेवरून नख फिरवा: कड हाताला लागली तर छपाई वरवरची आहे, जास्तच जपा. मायक्रोफायबर कापड, पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि कापड घट्ट पिळलेलं, एवढं पुरतं. माउस आधी बंद करा. आयसोप्रोपिल अल्कोहोल फक्त माउसच्या पायांसाठी, म्हणजे तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांसाठी, तेही कापसाच्या काडीवर. सनस्क्रीन किंवा क्रीम लावलेला हात लगेच माउसवर ठेवू नका.

सेन्सरच्या भोकातला केस. कर्सर जागच्या जागी थरथरतोय? माउस उलटा करा आणि कोरड्या काडीने केस काढा. फुंकर मारू नका, थुंकी उडते.

काचेवर किंवा चकचकीत टेबलावर वापरणे. साध्या सेन्सरला पृष्ठभागावरचे बारीक तपशील लागतात, स्वच्छ काचेवर ते मिळत नाहीत. खाली कागद ठेवून बघा. चालला तर पॅड घ्या. माउसला शोभेल असा भडक, चमकदार पॅड मात्र नको. मॅट आणि एकरंगी बरा.

जुना आणि नवा सेल एकत्र घालणे. जुना आधी संपतो आणि गळतो. माउस महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढूनच ठेवा. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे बॅटरीचा आकडा लवकर घसरलेला दिसू शकतो, घाबरू नका.

नवा माउस 'डेड' ठरवणे. सेलजवळची प्लास्टिकची पट्टी ओढलीत का? खालचा स्विच चालू आहे का? ब्लूटूथ आणि रिसीव्हर दोन्ही असलेल्या माउसवर नेमका कुठला मार्ग निवडलाय? रिसीव्हर बऱ्याचदा सेलच्या झाकणाआडच असतो, खोका फेकण्याआधी तिथे बघा. ही चार कामं न करता परत पाठवणाऱ्यांची कमतरता नाही.

एका क्लिकचे दोन होताना सेटिंगशी खेळणे. फाइल ओढताना मधेच सुटते, ती बटणाखालच्या मायक्रोस्विचची पत्ती झिजल्यामुळे. डबल-क्लिकचा वेग कमी-जास्त करून पत्ती बरी होत नाही. वॉरंटी असेल तर माउस बदलून घ्या. नसेल तर सोल्डरिंग येणाऱ्याकडून स्विच बदलून घ्या, आणि त्याला आधीच सांगा की स्क्रू पायांच्या पट्ट्यांखाली असू शकतात, वरच्या नक्षीला स्क्रूड्रायव्हर लावू नको.