शनिवारी रात्री लिनक्सचा कर्नल बदलण्याआधी

नवी मुंबईत महापे, रबाळे भागातल्या छोट्या ऑफिसांत लिनक्स सर्व्हर सांभाळणारा माणूस बहुधा एकटाच असतो, त्याच्यासाठी ही तयारी. फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये भगदाड सापडल्याची बातमी आली की आधी प्रत्येक मशीनवर चालू कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोणत्या नंबराचा ते पाहा. अपडेट टाकलं तरी रीबूट होईपर्यंत मेमरीत जुनाच कर्नल असतो, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. नंबर आपल्या डिस्ट्रोच्या (उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्सच्या तयार संचाच्या) सूचनेशीच ताडा. २०२२ मध्ये उघड झालेलं ‘डर्टी पाइप’ नावाचं भगदाड कर्नल ५.८ पासून होतं आणि ५.१६.११, ५.१५.२५, ५.१०.१०२ मध्ये बुजवलं गेलं. पण डिस्ट्रोवाले तीच दुरुस्ती आपल्या जुन्या नंबरातही घालतात.

‘आपल्याकडे बाहेरचं कोणी लॉगिन करत नाही’ या समजुतीवर विसंबू नका. वेबसाइट चालवणारी प्रोसेससुद्धा लोकल, म्हणजे मशीनच्या आतलाच, युजर असते. जुनाट प्लगइनमधून आत शिरलेल्याला असं भगदाड वापरून रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, व्हायला तेवढं पुरतं. कंटेनर (एकाच मशीनवर वेगवेगळे ठेवलेले प्रोग्रॅमचे डबे) होस्टचाच, म्हणजे त्या मशीनचाच, कर्नल वापरतात, तेव्हा कंटेनरची नुसती इमेज नवी करून भागत नाही.

शनिवारपर्यंत थांबणं भाग असेल, तर साध्या युजरना यूजर नेमस्पेस (ज्याच्या आत साधा युजरही रूटसारखा वागू शकतो असा वेगळा कप्पा) बनवायची मुभा काढून घ्या. २०२३ मधल्या ओव्हरलेएफएस या फाइल सिस्टिमच्या दोषाला त्याने आळा बसत होता, डर्टी पाइपला नाही.

कोणी आत शिरल्याचा संशय असेल तर मात्र रीबूटची घाई मुळीच नको. डर्टी पाइपने फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलचं पेज कॅशमधलं (मेमरीत ठेवलेल्या प्रतीतलं) पान बदलता येई, आणि कर्नलला त्याचा पत्ता नसे. डिस्कवरची फाइल बहुधा जशीच्या तशी राही. रीबूट केलं की बदल गेला, पुरावाही गेला. म्हणून चालू मशीनवरच पासवर्डची फाइल बॅकअपशी ताडा, सेटयूआयडी प्रोग्रॅमचे (कोणीही चालवले तरी मालकाच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने चालणाऱ्यांचे) चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेले पडताळणीचे आकडे, मूळ पॅकेजशी जुळवा आणि लॉग दुसऱ्या मशीनवर काढून ठेवा.

बाकी नेहमीचंच: बूट पार्टिशनमध्ये जागा, ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना कर्नल निवडायच्या मेनूत) जुना कर्नल शाबूत, बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत आणून पाहिलेली. रिमोट कन्सोलचा (दुरून मशीनचा स्क्रीन-कीबोर्ड हाताळायच्या सोयीचा) पासवर्ड दिवसाउजेडी तपासा. मशीन उठलं नाही तर रविवारी कोणाला तरी ऑफिस गाठावं लागेल, तेव्हा ट्रान्स हार्बर लोकलला मेगाब्लॉक आहे का तेही आधीच बघा. रीबूटनंतर चालू कर्नलचा नंबर पुन्हा पाहा, कोपऱ्यातल्या टेस्ट सर्व्हरवरसुद्धा.