सीजीपीएचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

निकाल लागला की मोबाईलवर सीजीपीएचा (सगळ्या सेमची मिळून ग्रेडची सरासरी) पहिला हिशेब होतो तो सरळ सरासरीचा, आणि तो बहुधा चुकतो. समजा सेममध्ये चार-चार क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन) तीन विषय आहेत आणि प्रत्येकात ग्रेड पॉइंट दहापैकी ६. शिवाय प्रॅक्टिकल वगैरे धरून दोन-दोन क्रेडिटचे पाच विषय, त्यांत ९. आठही आकड्यांची सरासरी काढली तर ७.८८ येते. खरा एसजीपीए (एका सेमची क्रेडिटनुसार सरासरी) मात्र ७.३६ : (१२ × ६ + १० × ९) ÷ २२. प्रॅक्टिकलच्या ९ वर खूश होऊन थिअरी सोडली की फटका बसतो तो इथे. दोन सेमचे एसजीपीए एकत्र करतानाही हाच नियम. एकूण क्रेडिट सारखे असतील तरच सरळ सरासरी चालते.

दुसरी चूक उशिराची. "शेवटच्या वर्षी जोर लावू" म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करावीच : (हवा असलेला सीजीपीए × पदवीचे एकूण क्रेडिट) वजा आतापर्यंतचे क्रेडिट पॉइंट (क्रेडिट × ग्रेड पॉइंट), आणि जे उरेल त्याला भागिले उरलेले क्रेडिट. तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची धरू. चार सेम झाले, ८८ क्रेडिट संपले आणि सीजीपीए आहे ६.९०, म्हणजे ६०७.२ पॉइंट खात्यात. ७.५० हवा असेल तर एकूण ९९० लागतात. उरलेले ३८२.८ पॉइंट ४४ क्रेडिटमध्ये मिळवायचे, म्हणजे दोन्ही सेमला ८.७० सरासरी. तोच ६.९० पहिल्या वर्षाअखेरीस असता तर पुढे ७.८० पुरले असते. आणि ८.०० चं लक्ष्य ठेवलं तर उत्तर येतं १०.२०! दहाच्या वर पॉइंटच नाहीत, तेव्हा ते स्वप्न तिथेच सोडा आणि ७.५० ची तयारी करा.

क्रेडिट पॉइंटची बेरीज मार्कशीटवर छापलेली असेल तर तीच घ्या. राउंड केलेल्या एसजीपीएवरून उलटा गुणाकार केला की दुसऱ्या दशांशाला फरक पडतो.

मार्क वाढले म्हणजे पॉइंट वाढलेच असं नाही. ग्रेड ६० ला आणि ७० ला बदलत असेल तर ६१ आणि ६९ एकाच भावात जातात. म्हणून मेहनत सीमेजवळच्या विषयावर करा, त्यातही चार क्रेडिटच्या. २२ क्रेडिटच्या सेममध्ये त्याची एक पायरी ०.१८ देते, दोन क्रेडिटची ०.०९. फेरतपासणीचे पैसे भरायचे की नाही, हेही यावरच ठरवा. ६९ असेल तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा, ६४ ला नको.

ग्रेडचे हे टप्पे कुठून घ्यायचे? नेटवरच्या कॅल्क्युलेटरमधून तर नाहीच. सातारा-सांगलीतली बरीच कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत, सांगलीचं वालचंद आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी स्वायत्त आहेत, साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ वेगळंच. शेजारच्या पोराचा तक्ता आपल्याला लागू होईलच असं नाही. आपल्या मार्कशीटची मागची बाजू आणि आपल्या बॅचचा अध्यादेश, एवढंच प्रमाण माना.

केटी (नापास होऊन मागे राहिलेला विषय) असेल तर अंदाज दोनदा काढा. नापास विषयाचे पॉइंट शून्य, पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) सूत्रात त्याचे क्रेडिट भाजकात राहतात. १८ क्रेडिटमध्ये ८ ची सरासरी असूनही चार क्रेडिटचा एक विषय गेला तर १४४ ÷ २२ = ६.५५. तोच विषय नंतर ५ पॉइंटने सुटला की ७.४५. काही ठिकाणी केटी सुटेपर्यंत एसजीपीए दाखवतच नाहीत, तेव्हा रिकामा रकाना पाहून घाबरू नका.

टक्क्यांचा घोळ तर नित्याचा. ९.५ ने गुणायची सवय सीबीएसईच्या दहावीतून आली, पदवीला तिचा संबंध नाही. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के आणि ६.७५ म्हणजे ६०. म्हणजे ०.७५ वजा करून दहाने गुणायचं. ६.४० ला ९.५ ने गुणलं तर ६०.८ दिसतात, या तक्त्याने ५६.५. कॅम्पस भरतीची अट ६० ची असली की हाच चार-साडेचार टक्क्यांचा फरक कागदपत्र तपासणीत नडतो. विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र असेल तर तेच वापरा आणि त्याचा दाखला अर्जाला जोडा. फॉर्मवर सीजीपीएचा रकाना असेल तर टक्के काढायच्या भानगडीत पडूच नका.