पुण्यात काही दिवसांसाठी स्वयंपाकघरासह फ्लॅट घेताय? या चुका टाळा

अण्णांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही लातूरहून पुण्याला आलो, तेव्हा १८ दिवसांसाठी एक वन बीएचके घेतला होता. लॉज नकोच होता. अण्णांना शुगर आहे, तिखट चालत नाही आणि १८ दिवस दोन्ही वेळेला बाहेरचं खायचं म्हणजे पोटाचं आणि पैशाचं दोन्हीचं नुकसान. जाहिरातीत लिहिलं होतं, 'किचनची सोय आहे'. पहिल्या संध्याकाळी घरून आणलेले तांदूळ आणि मुगाची डाळ धुतली, तिथल्याच कुकरमध्ये घातली, कुकर इंडक्शनवर ठेवून बटण दाबलं. इंडक्शन दोन-तीनदा पीं पीं वाजलं आणि बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. कुकर ॲल्युमिनियमचा होता, तो त्या इंडक्शनवर सकाळपर्यंत ठेवला असता तरी तापला नसता. दुसरं भांडं होतं चहाचं, तेही ॲल्युमिनियमचंच. साडेआठ वाजून गेले होते, अण्णा गोळी हातात घेऊन बसलेले. भिजलेली डाळ-तांदूळ तशीच झाकून ठेवली आणि खाली जाऊन हॉटेलातून भात आणला.

तेव्हापासून पुण्याला दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी, मुलांच्या ॲडमिशनसाठी येणाऱ्या आमच्या प्रत्येक नातेवाइकाला मी हेच सांगते, की भाड्याचा आकडा नंतर विचारा, आधी ओटा बघा. असा फ्लॅट परवडतो तो तिथे स्वयंपाक होतो म्हणून. तो झाला नाही तर भाडंही गेलं आणि हॉटेलचं बिलही आलं.

'किचन आहे' या दोन शब्दांवर भागवू नका

फोटोत ओटा चकचकीत दिसतो. त्यावर स्वयंपाक होतो का, हे फोटोवरून कळत नाही. बुकिंगआधी मालकाला किंवा केअरटेकरला व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि कॉलवर तीन गोष्टी करून दाखवायला सांगा. गॅस किंवा इंडक्शन पेटवून दाखवा, सिंकचा नळ सोडून दाखवा, भांड्यांचे ड्रॉवर उघडून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे जाऊ नका.

पाइप गॅस असेल तर उत्तम, मध्येच संपायची धास्ती नाही. सिलिंडर असेल तर तो कितपत भरलेला आहे आणि संपला तर दुसरा कोण आणून देणार, हे आधीच ठरवा. तुमच्या नावाचं कनेक्शन गावाकडे असतं, ते पुण्यात कामाला येत नाही. ओळखपत्र दाखवून ५ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, पण तो घरात वापरायला मालकाची हरकत नाही ना, हे विचारून घ्या.

फक्त इंडक्शन असेल तर दोन गोष्टी बघा. पहिली, भांडी. फ्रिजवर लावायचं एखादं चुंबक भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल, नाहीतर नाही. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ साध्या इंडक्शनवर चालत नाही. सगळं स्टीलही चालतं असं नाही, म्हणून चुंबकच लावून बघा. दुसरी गोष्ट, प्लग. इंडक्शन २००० वॅटच्या आसपासचं असतं, त्याला जाड पिनांचा पॉवर प्लग लागतो. ओट्याजवळ बारीक पिनांचंच सॉकेट असेल आणि केअरटेकर म्हणाला, 'एक्स्टेन्शन लावा की', तर लावू नका. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक्स्टेन्शनची वायर वितळून वास सुटला होता.

आता सामान. कढई, तवा, पोळपाट-लाटणं, सुरी, गाळणी, सांडशी, झाकणं, एवढं आहे का हे नाव घेऊन विचारा. 'सगळी भांडी आहेत' याचा अर्थ बऱ्याचदा चार मग, चार प्लेटा आणि एक फ्राय पॅन एवढाच असतो. मी आता कुठेही जाताना इंडक्शनवर चालणारा ३ लिटरचा स्टीलचा कुकर बरोबर घेते, जास्तीची रिंग आणि शिट्टी त्याच्याच पोटात. त्या एका कुकरात वरण-भात, खिचडी, उकडलेले बटाटे, अगदी चहासुद्धा होतो. एखादं भांडं राहिलंच तर तुळशीबागेत मिळतं, नवीन पितळी परातीपासून छोट्या स्टीलच्या तव्यापर्यंत सगळं.

आणि पोळ्यांचा हट्ट सोडा. हे मी उशिरा शिकले. दवाखान्यातून थकून आल्यावर परक्या ओट्यावर कणीक मळायची, पोळपाट नाही म्हणून ताट उलटं टाकून लाटायचं, यात जीव दमतो. पुण्यात पोळी-भाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, तिथे पोळ्या नगावर मिळतात. पोळ्या बाहेरून आणायच्या आणि वरण, भात, भाजी, ताक घरी करायचं. हॉटेलची थाळी आणि पूर्ण घरचा स्वयंपाक यांच्या मधली ही वाट आम्हाला सगळ्यात स्वस्त पडली आणि अण्णांच्या पोटालाही मानवली. फक्त केंद्र किती वाजता बंद होतं ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

लांबचा स्वस्त फ्लॅट

ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. एरंडवण्यात दवाखाना आणि फ्लॅट वाघोलीत किंवा हिंजवडीत, का तर रोजचे ५०० रुपये वाचतात. आता हिशोब करून बघा. पेशंटजवळ एक जण थांबतो, दुसरा डबा घेऊन जातो, संध्याकाळी माणसं बदलतात. म्हणजे दिवसाला दोन नव्हे, चार फेऱ्या. फेरीला २५० धरले तरी १००० झाले. वाचलेले ५०० गेले, वर ५०० गेले आणि डबा गार होऊन पोचला तो वेगळाच.

अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, मेट्रोचं कुठलं स्टेशन पायी गाठता येतं ते विचारा. वनाज ते रामवाडी हा पूर्ण मार्ग मार्च २०२४ पासून चालू आहे, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हा सप्टेंबर २०२४ पासून, आणि दोन्ही मार्ग सिव्हिल कोर्टला एकमेकांना मिळतात. नळ स्टॉप, आयडियल कॉलनी, गरवारे कॉलेज यांच्या आसपास जागा मिळाली तर डेक्कन, पुणे स्टेशन, मंडई सगळं हाताशी येतं. भाडं थोडं जास्त असलं तरी घ्या, असं मी बिनदिक्कत सांगेन. मालक म्हणाला 'मेट्रो जवळच आहे', तर ती चालू आहे की तिथे अजून काम चालू आहे, हेही विचारा.

नकाशावर प्रवासाचा वेळ बघायचा तर कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला बघा. रविवारी सकाळी बघून ठरवलं की फसगत होते. एसटीने येणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा, मेट्रोच्या कामामुळे शिवाजीनगरचा एसटी स्टँड वाकडेवाडीला हलवला गेला आहे. 'शिवाजीनगर स्टँडच्या समोर' असा पत्ता कुणी दिला तर नेमकं कुठलं समोर, हे खोदून विचारा.

गुरुवार

लातूरच्या माणसाला पाण्याचं मोल सांगावं लागत नाही, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी आम्ही प्यायलोय. तरी पुण्यात आम्ही पाण्यानेच फसलो. पुणे महापालिका दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी काढते. त्या दिवशी बऱ्याच भागांत पाणी बंद असतं आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येतं. वीजपुरवठ्याच्या देखभालीची कामंही बऱ्याच ठिकाणी गुरुवारीच असतात. इंडक्शनवाल्या घरात वीज गेली म्हणजे चूल विझली. आम्ही पहिल्या गुरुवारी नऊ वाजता उठून बसलो, नळाला थेंब नाही. दुसऱ्या बुधवारी रात्रीच दोन बादल्या, एक मोठं पातेलं आणि पिण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या, गुरुवारची भाजी पहाटे करून टाकली.

मालकाला विचारा, टाकी किती मोठी आहे, पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं, आणि पिण्यासाठी फिल्टर आहे का. टँकरच्या पाण्यात डाळ शिजायला कधी कधी जास्त वेळ घेते. जड पाण्यात तसं होतं, डाळ वाईट नसते. आदल्या रात्री भिजत घाला.

वीजबिलाचं 'वेगळं'

'लाइट बिल वेगळं' असं म्हटलं की युनिटचा दर लगेच विचारा आणि मेसेजवर लिहून घ्या. आत शिरल्याबरोबर मीटरचा फोटो काढा, निघताना दुसरा काढा. अंदाजासाठी सांगते, २००० वॅटचा गीझर पाव तास चालला की अर्धं युनिट जातं, दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट घेतो. मालक युनिटला १५ रुपये लावत असेल, तर रात्रभर आठ तास एसी म्हणजे १८० रुपये. मे महिना सोडला तर पुण्यात रात्री पंख्यावर भागतं.

ॲडव्हान्स

फ्लॅट न बघता सगळे पैसे आधी देऊ नका. फोटो अतिशय देखणे, भाडं निम्मं, बोलणारा म्हणतो 'मी फौजी आहे, बदली झाली, क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्याकडे परत येतील', हा सरळ फसवणुकीचा प्रकार आहे. पैसे घेण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. फसलात तर लाजत बसू नका, तडक १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

सोसायटी, जिना आणि तारखा

थोडे दिवस राहणारे पाहुणे काही सोसायट्यांना चालत नाहीत. मालकाने गेटवर नावं आणि ओळखपत्रं आधी दिली आहेत ना, याची खात्री करा, नाहीतर रात्री बाराला बॅगा घेऊन वॉचमनदादांची मनधरणी करत बसावं लागतं. पेशंट बरोबर असेल तर लिफ्ट आहे का आणि कमोड आहे का, हे दोन प्रश्न विसरू नका. पेठांमधल्या जुन्या इमारतींत लिफ्ट बऱ्याचदा नसते आणि जिने उभे असतात. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, कचरा नेणाऱ्या ताई मिसळलेला घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

तारखा ठरवताना दिनदर्शिका उघडा. गणेशोत्सवात पेठांमधले रस्ते संध्याकाळी बंद होतात आणि विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हाही वाहतूक बदलते. दवाखान्याची तारीख तेव्हाचीच असेल तर नदीच्या अलीकडे-पलीकडे असा फ्लॅट घेऊ नका, दवाखान्याच्या बाजूचाच घ्या.

महिन्याचं किराणा भरू नका

१८ दिवसांसाठी मी ५ किलो कणीक घेतली होती, अर्धी उरली. चहा, साखर, तेल, मीठ लहान पाकिटातलं घ्या. मसाले घरूनच आणा. येसर, काळा मसाला, लसणाची चटणी, आणि आमच्यासारखे लातूरकर असाल तर तूरडाळसुद्धा. ती पुण्यातून काय घ्यायची? दूध चितळे किंवा कात्रजचं अर्ध्या लिटरच्या पिशवीत मिळतं, फ्रिज छोटा असेल तर रोज एकच पिशवी आणा. भाजी मंडईतून आणली तर ताजी आणि स्वस्त, मेट्रोचं स्टेशनही तिथेच आहे. पेठांमधली बरीच दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात, दवाखान्यातून दुपारी परतताना भाजी घेऊ असा बेत ठेवू नका.

डिपॉझिट

शिरताना प्रत्येक खोलीचा, फुटक्या टाइलचा, गादीवरच्या डागाचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच मिनिटाला पाठवा. आम्ही तो काढला नव्हता. निघताना गीझरचं फुटलेलं बटण आमच्या नावावर लागलं आणि १५०० रुपये कापले गेले. बटण आम्ही आलो तेव्हापासून तसंच होतं, पण दाखवायला हातात काहीच नव्हतं. निघायच्या दिवशी केअरटेकरला तासभर आधी बोलवा, मीटर त्याच्यासमोर बघा, घर त्याच्यासमोर दाखवा, डिपॉझिट तिथेच उभं राहून परत घ्या. मग चावी द्या.